पोच घेतली का?

अप्पांच्या लेकीचा, महानंदाचा फोन आला तेव्हा मी नांदेडला मुलाच्या घरी, गच्चीवर टाकीत पाणी चढलं का बघत होतो. "काका, अप्पा गेले," एवढंच ती म्हणाली. मी खाली उतरलो, पिशवीत एक धोतर कोंबलं आणि स्टँडवर आलो. लातूरकडची गाडी लागायला तासभर, पुढं अहमदपूरच्या अलीकडे रस्त्याचं काम, गाडी उभीच. लिंगायतांत माती लवकर उरकतात, थांबत नाहीत. मी अप्पांच्या गावच्या वेशीत उतरलो तेव्हा लोक अंघोळी करून परत निघाले होते. कपाळाला विभूती लावलेला एक ओळखीचा माणूस म्हणाला, "उशीर केलाव भाऊसाहेब. आत्ताच झालं." मातीला मी पोचलो नाही. माझ्या वयाला आता असल्या गोष्टी सोसत नाहीत हे खरं, पण त्या दिवशी जे वाटलं ते दमणं नव्हतं. मला अप्पांना एक गोष्ट सांगायची होती. इतकी वर्षं सांगेन सांगेन म्हणत होतो, आणि राहून गेली.

मन्मथअप्पा कोण, हे तालुक्याबाहेरच्या वाचकाला कळायचं नाही. त्यांच्या नावानं कुठं चौक नाही, पाटी नाही. आमच्या भागाच्या आमदारांचं कामकाज बघणारा माणूस, एवढीच त्यांची ओळख. आता पी.ए. म्हटलं की डोळ्यांसमोर गॉगल आणि गाडी येते. अप्पांकडे सायकल होती, तीही पुढच्या चाकाला हवा नसलेली. मोंढ्याच्या गल्लीत खताच्या दुकानावर एक खोली, तिच्यात एक टेबल, एक लांब बाकडं, पाण्याचा रांजण. आणि अप्पांच्या खुर्चीमागं भिंतीला खिळा, खिळ्याला वाकवलेली तार. त्या तारेत चतकोर चतकोर कागद ओवलेले, शेकड्यानं. त्या पोचा होत्या.

पोच म्हणजे अर्ज कचेरीला मिळाला याची सही. कारकुनानं द्यायची टाळली तर अर्ज हवेत जातो, मग कुणी विचारलं तर "आमच्याकडे आलाच नाही" म्हणायला कचेरी मोकळी. मी त्याच धंद्यातला, मला काय सांगता. अप्पा अर्जासोबत स्वतःच्या हातानं एक चतकोर लिहून द्यायचे: गाव, विषय, अर्जदाराचं नाव. आणि माणसाला बजावायचे, "कारकुनाची सही घेतल्याबिगर जिना उतरायचा न्हाई." माणूस परत आला की रामराम नाही, बस म्हणणं नाही, पहिला सवाल तोच. "पोच घेतली का?" बायाबापड्या सुद्धा शिकल्या होत्या. आमच्या कचेरीत कुणी अर्ज टेबलावर ठेवून तसंच उभं राहिलं, की आम्ही कारकून एकमेकांकडे बघून म्हणायचो, आला अप्पाचा माणूस.

मी तहसील कचेरीत टंचाईच्या टेबलावर होतो, म्हणजे पाणी, टँकर, रेशन सगळं माझ्याकडे. कचेरी कुठल्या तालुक्याची ते लिहीत नाही, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात चूक कचेरीची नव्हती, माझी होती. जिल्हा नवा झाला होता. तोवर सगळं उस्मानाबादला, आणि आता लातूर आपला जिल्हा म्हणून लोक पेढे वाटून मोकळे झालेले. पेढे खाल्ल्यावर काय झालं ते आम्हाला विचारा. जुने कागद गोण्यांत भरून आले. एका गावाचा नकाशा इथं, त्याच गावाची यादी तिथं. माणूस तिकडे गेला की तुमचं आता लातूरला, इकडे आला की तुमचं अजून आलंच नाही. त्यातच पाऊस दगा देऊन गेलेला, विहिरींचे तळ दिसायला लागलेले. रोज खिडकीशी पन्नास माणसं, आणि प्रत्येकाला वाटायचं की पाणी या भाऊसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये आहे.

अप्पांशी माझी पहिली गाठ भांडणानंच पडली. शिरूर अनंतपाळकडच्या एका म्हाताऱ्याचं नाव रेशन कार्डावरून मयत म्हणून उडालं होतं. मी म्हटलं, जुन्या जिल्ह्याच्या यादीत मयत आहे, मी काय करू? दुसऱ्या दिवशी अप्पा त्या म्हाताऱ्याला घेऊनच आले आणि माझ्या टेबलासमोर स्टुलावर बसवलं. "भाऊसाहेब, ह्यांची पोच द्या. माणूस हितवर पोचला म्हणून लिवा." सगळी कचेरी हसली, म्हातारा सगळ्यात मोठ्यानं. मी चिडलो आणि कुणी मयत लिहिलं ते शोधायला गोणी सोडायला लागलो, तर अप्पांनी हात धरला. "ऱ्हाऊ द्या ओ. चूक कुनाची ते हुडकाया बसलं की फाइल कपाटात जाती. कपाटाला कुलूप बसतं. आदी काम करू." मला तेव्हा ते आमदाराच्या माणसाचं गोड बोलणं वाटलं.

गोड मात्र ते फारसे बोलायचे नाहीत. बाकड्यावर सकाळपासून माणसं, आणि अप्पा एकेकाचा अर्ज हातात घेऊन लाल शाईनं पहिलं पानच्या पान खोडायचे. "हुजूर मायबाप, मी गरीब, माझ्यावर दया... हे कशाला? अर्जात रडू नका. रडायचं तर हितं रडा, रांजनात पानी हाय. अर्जात गाव, गट नंबर आन् काय पायजे, बास." आमदारसाहेबांच्या पत्रातही 'योग्य ती कार्यवाही व्हावी' हे वाक्य ते येऊ द्यायचे नाहीत. म्हणायचे, ते वाक्य असलं की कारकून खुशाल झोपतो. बरोबर होतं त्यांचं. आम्ही झोपायचोच.

आता ती गोष्ट.

बोरजाळी नावाची दोन गावं आहेत, बुद्रुक आणि खुर्द. मध्ये कोरडी नदी, चालत तासाभराचं अंतर. टंचाईग्रस्त गावांची यादी हातानं लिहून माझ्याकडे आली, तिच्यात एका ओळीत 'बोरजाळी बु.' आणि खालच्या ओळीत नावाऐवजी वरच्यासारखंच अशी दोन रेघोट्यांची खूण आणि पुढं बारीक 'खु.'. त्या वर्षी जुन्या याद्यांतून आलेली निम्मी नावं दोनदोनदा पडलेली असायची, आणि मला वरून हुकूमच होता, दुबार नावं काढा. दिवसभर मी तेच करत होतो. तो 'खु.' मी वाचलाच नाही. लाल पेन्सिल घेतली, रेघ ओढली आणि समासात लिहिलं, 'दुबार'.

झालं. टँकर बुद्रुकला सुरू झाला. खुर्दचे लोक अप्पांकडे गेले, अप्पांनी अर्ज लिहिला, साहेबांचं पत्र जोडलं आणि स्वतः आणून माझ्या हातात दिला. मी चतकोरावर सही केली, तारीख घातली, शिक्का मारला. अप्पा गेल्यावर यादी उघडून बघितली, बोरजाळी आहे, टँकर जातोय. मग अर्जावर माझ्या सुंदर अक्षरात शेरा मारला, 'गाव यादीत समाविष्ट. दप्तरी दाखल.' दप्तरी दाखल म्हणजे विषय संपला, कागद गाठोड्यात. पुढच्या अर्जाला हात घातला. इतकी साधी गोष्ट. वाईट हेतू नाही, कुणाचं काही खाल्लं नाही, आळससुद्धा नाही. दमलो होतो, एवढंच. पण दमलेल्या माणसाच्या रेघेनंही पाणी तुटतंच.

खुर्दच्या बाया तीन आठवडे नदी ओलांडून बुद्रुकला जात होत्या. तिथं टँकरपाशी भांडणं. तुमचा टँकर नाही, तुम्ही लांब व्हा. मग त्यांनी आपल्याच आडात उतरायला सुरुवात केली, तळाला वाटीवाटीनं खरवडायचं आणि दोरानं वर द्यायचं. एक दिवस मुक्ताबाई नावाची तरणी बाई कपारीवरून निसटली. खुबा मोडला. बैलगाडीनं तालुक्याला नेली, तिथून पुढं लातूरला, पण पाय जो गेला तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव रिकाम्या घागरी घेऊन खताच्या दुकानासमोर. आमदारसाहेब नेमके तालुक्याच्या गावातच होते. मला निरोप आला, टंचाईची फाइल घेऊन या. मी फाइल काढली, यादी बघितली आणि या वेळेला तो 'खु.' मला दिसला. गाठोड्यातून अर्ज काढला, वर माझाच शेरा. माझी नोकरी अजून पक्की झालेली नव्हती, लग्नाला वर्ष झालेलं नव्हतं, वडील अंथरुणावर. हे मी सबब म्हणून सांगत नाही, मनात काय आलं ते सांगतोय. मी तो अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला, किल्ली फिरवली आणि उरलेली फाइल घेऊन निघालो.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी दाराला टेकून उभा. अप्पा आपल्या खुर्चीजवळ, मागं तार. साहेब लाल झालेले. "अप्पा, या लोकांचा अर्ज कचेरीत दिला होता का नव्हता?" अप्पांनी हातातल्या पेनाला टोपण लावलं. माझ्याकडे बघितलंही नाही. साहेब म्हणाले, "साऱ्या तालुक्याला पोच शिकवता ना? मग काढा. कुठंय पोच?"

मी वाट बघत होतो. आता हात मागं जाईल, तारेवरून कागद निघेल, माझी सही, माझा शिक्का, आणि संपलं माझं.

"न्हाई साहेब," अप्पा म्हणाले. "पोच न्हाई. अर्ज माज्याकडंच ऱ्हायला."

"म्हणजे तुम्हालाच पोच नाही म्हणायची!" साहेब म्हणाले. पोच म्हणजे अक्कल, समज, या अर्थानं. पुढच्या बाया कडू हसल्या. एक म्हातारी पुढं झाली आणि म्हणाली, "अप्पा, लिंगाची शपत घिऊन सांगतो म्हनला व्हतास, दिला म्हून." अप्पांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला आणि तसाच खाली घेतला. साहेबांनी तिथूनच प्रांतसाहेबांना फोन लावला, अप्पांनी उभ्याउभ्या नवा अर्ज लिहिला, मी त्याच दाराशी त्याची सही दिली, आणि दिवस मावळायच्या आत बोरजाळी खुर्दला टँकर लागला. त्या दुपारी सगळ्यात झपाझप काम कुणी केलं असेल तर मी.

मग मी स्वतःची समजूत घातली. माणसाला फार वेळ लागत नाही त्याला. अप्पांकडे शंभर गावांचे अर्ज, गोंधळले असतील. पोच हरवली असेल. त्यांना खरंच वाटत असेल, आपल्याकडूनच राहिलं. पुढं आमची चांगली दोस्ती झाली, मी रोज साडेपाचला चहाला त्या खोलीत जायला लागलो, आणि निर्लज्जासारखी एकदा चेष्टासुद्धा केली, "अप्पा, जगाची पोच ठेवता, बोरजाळीची तेवढी हरवली बघा!" ते हसले. "वय झालं ओ भाऊसाहेब." तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते. मूर्ख माणसा, तेव्हा तरी कळायला हवं होतं.

बोरजाळी खुर्दचं माणूस त्यानंतर त्या बाकड्यावर कधी बसलं नाही. काम असलं तर साहेबांच्या पुतण्याकडे जायचे. अप्पा मात्र त्या गावाला जात राहिले. मुक्ताबाईला अपंगाचा दाखला पाहिजे होता, त्यासाठी लातूरच्या तीन खेपा त्यांनी केल्या, तिला आणि तिच्या नवऱ्याला एस.टी.त बसवून. ती येता जाता त्यांच्याशी एक शब्द बोलायची नाही. खिडकीबाहेर बघायची. दाखला मिळाला तेव्हा तो नवऱ्याच्या हातात देऊन अप्पा म्हणाले, "ह्याची झेरॉक्स काडून ठिवा." तिनं तेव्हाही मान वळवली नाही, असं ते मला सांगत होते, बशीत चहा ओतत, जसं दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

साहेब पुढं निवडणूक हरले. खोली गेली, लेटरहेड गेलं, पण बाकडं अप्पांच्या ओसरीवर आलं आणि त्याच्यामागं माणसंही आली. नवे आमदार आले, त्यांचं ऑफिस काचेचं, तिथं मुलं कॉम्प्युटरवर अर्ज भरतात, मोबाइलवर मेसेज येतो की अर्ज मिळाला. अप्पा तो मेसेज हातात घेऊन बघायचे आणि विचारायचे, "ह्याच्यावर सही कुठाय?" दमले होते ते. चाळीसएक वर्षं तीच विहीर, तोच सातबारा, तोच रस्ता, माणसं तेवढी बदललेली, बापाच्या जागी लेक. एकदा मला म्हणाले, "भाऊसाहेब, मला सप्नातबी लोक अर्ज घिऊन येतेत. तितंबी कुनी पोच घेत न्हाई." मी हसलो. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

शेवटची भेट जाण्याच्या दोन महिने आधीची. खाटेवर पडून होते, कान गेलेले. मी ओरडून सांगितलं की नांदेडला माझ्या वीज मीटरसाठी अर्ज दिलाय. डोळे मिटूनच म्हणाले, "पोच घेतली का?" मी म्हटलं, घेतली. खोटंच. मग बराच वेळ खाटेच्या कडेला बसलो. आज सांगू... बोरजाळीचं. पण ते ओरडून सांगावं लागलं असतं, आत सून होती, शेजारीपाजारी ओसरीवर. म्हटलं, पुढच्या खेपेला, कान साफ करणारा डॉक्टर घेऊन येऊ. असा मी माणूस. त्यांच्या कानांवर ढकलून मोकळा झालो.

माती झाल्यावर पाचव्या दिवशी महानंदानं, म्हणजे त्यांच्या थोरल्या लेकीनं, मला आतल्या खोलीत नेलं. ती चाकूरला शाळेत शिकवते. म्हणाली, "काका, रद्दीत द्यायच्या आधी तुम्ही एकदा बघा. सगळे सरकारी कागद हायेत." पत्र्याच्या पेटीत ती तार होती, एक नाही, सात. प्रत्येकीला तिच्यातल्या वर्षांची चिठ्ठी बांधलेली; भरलेली तारही ते त्याच खिळ्याला राहू द्यायचे. त्या वर्षाची तार मी खालून वर चाचपत गेलो. कागद पिवळे, शाई फिकी, पण क्रम कुठं चुकलेला नव्हता. आणि तिथंच होती ती, आपल्या जागेवर, आदल्या दिवशीच्या आणि नंतरच्या पोचेच्या मध्ये. 'मौजे बोरजाळी खुर्द. पिण्याच्या पाण्याचा टँकर मिळणेबाबत.' खाली माझी सही. शिक्का जरा तिरका.

लपवलीसुद्धा नव्हती. साहेब विचारत होते तेव्हा ती त्यांच्या पाठीमागं, हातभर अंतरावर, भिंतीला लटकत होती. मी पुढं अकरा वर्षं रोज साडेपाचला तिच्या समोर बसून चहा प्यालो. पेटीपाशी बसून मी रडलो, महानंदानं पाणी आणून दिलं. चौकशी लागली असती तर फाइल सील झाली असती, माझी नोकरी गेली असती, आणि टँकर आणखी पंधरा दिवस लांबला असता. चूक कुणाची ते हुडकाया बसलं की... हे तर त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात बोरजाळी खुर्दला गेलो. मुक्ताबाई आता म्हातारी झालीय, ओट्यावर पाय पसरून शेंगा फोडत बसलेली. मी कोण ते सांगितलं. मग सगळं सांगितलं, यादी, रेघ, ड्रॉवर, किल्ली. आणि तो चतकोर तिच्या हातात दिला.

ती बराच वेळ शिक्क्यावर बोट फिरवत राहिली. वाचता येत नाही तिला.

"हे त्याच्याजवळ व्हतं? तवाबी?"

"होय."

"आन् तुमी आता सांगायलाव व्हय?" आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं झालं असतं. "गावातले दोगंतिगं गेलते त्याच्या मातीला. मला म्हनले, चल. मी म्हनलं, त्याच्या मातीला माजं खेटर जाईल. असं म्हनले मी... ह्या तोंडानं."

मी हात जोडले. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, मान वळवून रस्त्याकडे बघत राहिली, आणि एस.टी.त ती अप्पांशी कशी बसत असेल ते मला तेव्हा दिसलं. मग तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं, भिंतीला धरून उठली, लंगडत आत गेली. परत आली तेव्हा हात रिकामे होते. दाखल्याच्या डब्यात ठेवला म्हणाली. चहा विचारला नाही, विचारावा असं मी काही केलेलंही नव्हतं. मी निघालो.

स्टँडवर गाडी लगेच मिळाली, खिडकीशी जागाही मिळाली. नदीचा पूल ओलांडताना ध्यानात आलं की माझ्या गुन्ह्याचा पुरावा म्हणून हाती होता नव्हता तेवढा एक कागद मी देऊन आलो, त्याची नक्कलसुद्धा ठेवली नाही. आणि कानाशी तो आवाज आला, खालचा, दमलेला, पेन खाली न ठेवता विचारल्यासारखा. पोच घेतली का, भाऊसाहेब?

"न्हाई अप्पा," मी म्हणालो. "पोच न्हाई."

मोठ्यानं म्हणालो असणार, कारण शेजारचा माणूस वळून माझ्याकडे बघायला लागला.